रोजचं एक वाईट गाणं

“अप्पा, कडी काढा. खाली जायचंय मला.”

“पद झालं का?”

“मुखडा झालाय. अप्पा, संडासला जायचंय!”

“अंतरा म्हणून दाखव, मग जा खुशाल.”

मलप्पा गच्चीवरच्या खोलीबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर मांडी घालून बसले होते. कपाळावर विभूती, हातात रुद्राक्षाची माळ आणि पाठीमागे कडी घातलेलं दार. पस्तिशी ओलांडलेल्या, लग्न झालेल्या, नांदेडात स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणाऱ्या मुलाला त्यांनी सकाळची पूजा आटोपून कोंडलं होतं, आणि त्यांच्या लेखी ते कोंडणं पूजेतच धरलेलं होतं.

मलप्पांचे वडील शेषेराव दिवाळीत गेले. त्यांच्या माघारी जळकोटातला हा पहिलाच शिवनाम सप्ताह. शेवटच्या दिवशी, प्रसादावरच्या कीर्तनात एक पद नवं कोरं म्हणायचं आणि ते शेषेरावांच्या घरचंच असायचं, असा आळीचा रिवाज होता. म्हाताऱ्यानं तो शेवटच्या वर्षापर्यंत पाळला. मलप्पांच्या वाट्याला वीणा आली, पद काही आलं नाही. मग सगळ्या नजरा नातवाकडे वळल्या. सत्यम गाणी लिहितो, हे गावाला ठाऊक होतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची त्याची गाणी उदगीरपर्यंत वाजत. आता पंचमंडळींनी निरोप धाडला होता, की प्रसादाच्या सकाळपर्यंत घरचं पद आलं नाही तर शिवशंकरचं घेऊ. शिवशंकर म्हणजे भावकीतला पुतण्या, खताचा दुकानदार. त्यानं मोबाईलला सांगून चहा येईपर्यंत चार पदं करून घेतली होती.

जिन्याखाली बाकीचं घर जमलं होतं.

“दादा, कोंडून न्हाई जमत, शिस्त लागती,” शिवमूर्ती म्हणाला. मलप्पांचा हा धाकटा भाऊ नांदेडला एका सरकारी ऑफिसात होता, सप्ताहासाठी रजा टाकून आलेला. “आमच्याकडं मस्टर असतं. आला की सही, गेला की सही. सत्यमलाबी मस्टर करा. सकाळी मुखडा, मधी चहा, जेवायच्या आधी अंतरा.”

“अन् दोन सह्यांच्या मधी काम कोण करतं, भावजी?” मलप्पांच्या बायकोनं, शरणम्मानं विचारलं.

शिवमूर्तीला तो प्रश्न ऐकूच आला नाही. वर्षानुवर्षांच्या सरावानं ते जमतं.

“माझं ऐका,” सत्यमची बायको उज्वला म्हणाली, “ह्यांना येत न्हाई असं न्हाई. हे मूड यायची वाट बघून राहिलेत. आधी म्हणाले चांगला माइक पायजे. माइक आला. मग म्हणाले भिंतीला फोम पायजे. फोम लावला. मग म्हणाले, नदीकाठी बसल्याबिगर सुचत न्हाई. रोज संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसायचे अन् भेळ खाऊन घरी यायचे. मोबाईलमधी बघा, नुसते मुखडे हायेत. एकालाबी अंतरा न्हाई.”

“बाबांना कुठला मूड लागायचा?” मलप्पा वरून गरजले. “बाबांना वरून यायचं. डोळे मिटले की उतरायचं, शुद्ध! पोराला शुद्ध वातावरण पायजे, म्हणून कोंडलंय.”

“अप्पा,” दाराआडून आवाज आला, “वरून यायच्या आधी मला खाली जाऊ द्या!”

तेवढ्यात अंगणात पिशवी आपटली. बसम्मा आली होती. मलप्पांची थोरली बहीण, दिली उदगीरच्या पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीवर, त्यामुळे तिच्या बोलण्यात कानडी अन् मराठी एकाच ताटात असे. तिनं वरचा आरडाओरडा ऐकला, चपला काढल्या, जिना चढली आणि भावाच्या खांद्याला धक्का दिला.

“तम्मा, सरक.”

“अक्का, तुला कळत न्हाई. बाबांचा मान हाय.”

“मान तिथंच राहील. पोरगं फुटंल.”

तिनं कडी काढली. सत्यम आत्याच्या पाया न पडताच तीन-तीन पायऱ्या गाळत खाली पळाला.

*

परतल्यावर सत्यमला घरात जायची हिंमत झाली नाही. तो मागच्या गोठ्यात गेला. बसम्मा आधीच तिथे म्हशीखाली बसली होती. माहेरी आली की भावजयीच्या हातून चरवी हिसकावून घ्यायची, ही तिची माहेरपणाची कल्पना.

“आत्या, मला न्हाई जमणार,” तो खुंटीला टेकून म्हणाला. “दोन ओळी होतात, मग वाचतो. आजोबांच्या पुढं त्या कचरा वाटतात. खोडून टाकतो.”

“तुझा बाप म्हणतो, आज्याला वरून यायचं.”

“सगळेच म्हणतात.”

“हाव, यायचं. म्हशीच्या शेपटीवाणी यायचं, फाडकन तोंडावर.” बसम्मानं धारेची लय सोडली नाही. “लग्नाआधी दूध मी काढायचे. बाबा हितंच, तू उभा हाईस तिथं उभा राहून रोज एक पद म्हणायचा. रोज! गावानं वर्षाचं एक ऐकलं. बाकीची मी ऐकली. यवा, काय घाण असायची! एकदा तहसीलदाराच्या टोपीवर केलं हुतं. एकदा ढेकणावर. त्या दिवशी म्हशीनं पान्हा चोरला.”

“आजोबांनी? ढेकणावर पद?”

“त्यात काय? महादेवाला आवडलं असंल. कातडं अंथरून झोपतो, त्याला न्हाई चावत व्हय?”

सत्यमला हसू आवरेना. मग ते एकदम ओसरलं. सबंध लहानपण त्यानं आजोबांचे मिटलेले डोळे पाहिले होते. त्या डोळ्यांपुढे ढेकूण येऊन बसला, तर आता तो काढायचा कसा?

“मग चांगलं कवा व्हायचं?”

“मला काय मालूम? त्यालाबी न्हाई मालूम. वावरात बोअर मारला की आधी काय येतं?”

“चिखल.”

“मग चिखल बघून मशीन बंद करतात का? तू तेच करायलास.” तिनं चरवी उचलली. “उद्यापासून सकाळी हितं यायचं. एक गाणं म्हणायचं, वाईट. पण पुरं पायजे. मुखडा, अंतरा, शेवटाला नाव. मगच चहा.”

“अन् चांगलं झालं तर?”

“तर चहा न्हाई. लबाडी केली म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी सत्यमनं पहिलं गाणं केलं ते काकावर, कारण काका गोठ्यासमोरच फटफटीला किक मारत होता.

काकाची फटफटी, चढावर हटी,
आपण ढकलायचं, काका बसे ताठी.

बसम्मानं मान डोलावली. “लई वाईट हाय. उज्वला, ह्याला चहा दे गं.”

शिवमूर्तीनं त्याच दिवशी नांदेडला परत जायची धमकी दिली. फटफटी सुरू न झाल्यामुळे ती तडीस गेली नाही. दुपारी तो दाढी करताना तेच गाणं गुणगुणताना सापडला.

पुढचं गाणं बायकोवर आलं.

उज्वलाचं उपीट, सिमिटाहून घट्ट,
स्लॅबला लावा कुणी, गळती होईल बंद.

“घट्ट अन् बंद?” उज्वला चुलीपासून उठून आली. “अपमान करायचा तर यमक तरी नीट जुळवा. लोक म्हणतील, बायकोच्या वाट्याला यमकबी आलं न्हाई.”

“वाईटच करायचंय ना.”

“वाईट करा, आळशी करू नका.”

बसम्मा सुनेकडे नव्यानं बघायला लागली. त्या सकाळपासून गोठ्यात दोघी बसू लागल्या, एक म्हशीजवळ, दुसरी सत्यमच्या मानगुटीवर. मोबाईल उज्वलाच्या कमरेला. कोपऱ्यात नेऊन ती नवऱ्याला म्हणे, “दुसरी ओळ परत म्हणा,” आणि तो म्हणे. आधी त्याला चहासाठी तासभर तिष्ठावं लागायचं. मग म्हशीची धार संपायच्या आत गाणं संपू लागलं. गाणी वाईटच होती. डासावर, पाव्हण्यावर, पंचमंडळींच्या मीटिंगवर. पण प्रत्येकाला शेवट होता, आणि शेवट केलेल्या गाण्यामागून दुसरं येत होतं. एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की आपण आज आजोबांची आठवणच काढली नाही.

मलप्पांनी मात्र गोठ्याकडे पाठ फिरवली होती. घरात पूजेच्या वेळी ढेकणाची चर्चा चालते, हे त्यांना शरणम्मानं सांगितलं होतं. मुद्दाम.

*

प्रसादाच्या दिवशी सकाळी मलप्पा मंडपात आले. सप्ताहभर अखंड फिरलेला वीणेचा पहारा पहाटे संपला होता, आता दुपारच्या कीर्तनापर्यंत वीणा त्यांनी घरी न्यायची होती. मंडपामागे बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि गात होत्या. चाल शेषेरावांची. मलप्पांची पावलं आपोआप मंदावली, मन भरून आलं. मग शब्द कळले.

हाती धरी वीणा, डोळा पंगतीला ।
कोणाच्या पात्राला तूप किती ॥

मुखी शिवनाम, नाकी आला वास ।
जीव झाला दास फोडणीचा ॥

बायका हसत होत्या, तांदूळ सुपात नाचत होता. मध्यभागी बसम्मा बसली होती. तिनं भावाला पाहिलं आणि गाणं थांबवायच्या ऐवजी सूप खाली ठेवलं.

“कुणी केलं हे?” मलप्पांनी विचारलं. उत्तराची गरजही नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी वीणा खुंटीला लावली आणि सगळ्यांना सोप्यात बोलावलं. सत्यम समोर उभा राहिला.

“गावाच्या बायका मला हसतायत.”

“अप्पा, ते कालच्या सकाळचं वाईट गाणं होतं. आत्यानं बायकांना सांगितलं. कीर्तनाला द्यायचं न्हवतं.”

“का न्हाई द्यायचं?” बसम्मा म्हणाली. “इतक्या दिवसांत हे एकच, जे बायकांनी परत मागून घेतलं. कचरा कुणी मागतं व्हय?”

“मला वाटतं द्यावं,” शिवमूर्ती उत्साहानं म्हणाला. या गाण्यात आपण नाही, या आनंदात तो कालपासून उदार झाला होता.

पण उज्वलानं बाजू बदलली. “नको, आत्या. घरात हसणं निराळं. समोर सगळं गाव असणार. अप्पांची इज्जत जाईल.”

“इज्जत!” शरणम्मा इतका वेळ दाराशी उभी होती. “मी लग्न होऊन आले त्या वर्षापासनं बघायले. ह्यांच्या हातात वीणा असली की डोळे वाढप्यांवर. घरी येऊन मला सांगायचे, अमक्याला तूप दोनदा वाढलं. मी कुणाला बोलले का? आता पोरानं म्हटलं तर गोड मानून घ्या.”

मलप्पा बायकोकडे बघत राहिले. या तोफेत इतकी वर्षं दारू भरली जात होती, हे त्यांना आजच समजलं.

त्यात शिवशंकर आला, हातात स्पीकर घेऊन. “काका, शरणार्थी,” त्यानं नमस्कार केला. “पंचांनी विचारलंय, तुमचं तयार हाय का माझं लावू? ऐका तरी.” त्यानं बटण दाबलं. स्पीकरमधून दिव्य ज्योती निघाली, तिच्यामागून अनंत प्रीती, मग पावन गंगा. यमकं बिनचूक, चाल गुळगुळीत. सगळं घर नम्रपणे ऐकत होतं, कुणाच्या लग्नातली व्हिडिओ कॅसेट बघावी तसं.

“चांगलं हाय,” मलप्पा शेवटी म्हणाले. “कुणावर हाय?”

“म्हणजे?”

“कोण बोलतंय हे? कुणाचं दुखतंय?”

शिवशंकरनं खिसा चाचपला. मोबाईलला विचारावं, तर चार्जिंग नव्हतं.

“अप्पा,” सत्यम म्हणाला, “शिवशंकरचं लावू द्या. मान गेला तर जाऊ द्या. तुमच्यावर हसू होऊन तो ठेवायचा न्हाई मला.” हे म्हणताना त्याचा आवाज खाली गेला, कारण गाणं त्याला आवडलं होतं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच लिहिलेलं काहीतरी त्याला आवडलं होतं, आणि ते तो स्वतःच्या हातानं मागे घेत होता.

मलप्पांना ते ऐकू आलं. कीर्तनात उभी हयात घालवलेल्या माणसाला आवाज कुठे खाली जातो ते कळतं.

“सगळं म्हण,” ते म्हणाले. “पहिल्यापासनं.”

सत्यमनं म्हटलं. वीणा झाली, फोडणी झाली, मग तिसरं कडवं आलं.

डोळे मी मिटले, जन म्हणे ध्यानी ।
मोजितो मी मनी लाडू सारे ॥

“थांब. हे खोटं हाय.”

“अप्पा, गाणं हाय ते...”

“खोटं हाय म्हणतो. लाडू कोण मोजतं? मला काय लाडू मिळत न्हाईत?” मलप्पा उठले, खुंटीवरच्या वीणेपाशी गेले, पण हात लावला नाही. “वीणेकऱ्याच्या पाया लोक पडतात. पडतात ते वीणेला. मला ठाऊक हाय. पण मी बघत असतो, कोण वाकलं अन् कोण तसंच गेलं. हा शिवशंकर दोन वर्षं झाली, वाकला न्हाई. मी त्याला त्या वर्षी बी-बियाणं सांगायलाबी गेलो न्हाई, उदगीरवरनं आणलं. ते लिही की. लाडू काय लिहितोस लेकराच्या गाण्यावाणी!”

शिवशंकरनं स्पीकर हळूच पाठीमागे लपवला. “काका, माझी कंबर धरली होती...”

“गप रे. कंबर धरली न्हवती. मलाबी माहीत हाय, तुलाबी माहीत हाय.”

मग मलप्पांनी, घसा न खाकरता, वडिलांच्या चालीत म्हटलं:

पाया पडे कोण, कोण गेला ताठ ।
मनामधी गाठ मारी त्याची ॥

“मारी त्याची,” बसम्मानं मागे ओढलं, धारेच्या लयीत. आणि सत्यम बापाकडे असा बघत राहिला, की जणू घरातल्या मुक्या भिंतीनं बोअरचं पाणी सोडलं.

“बरोबर हाय का?” मलप्पांनी विचारलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “न्हाई तर ऱ्हाऊ दे.”

“हेच पायजे, अप्पा. माझं काढून टाकतो.”

“मग जा, कीर्तनकार ताईंना दे. अन् शिवशंकर, पंचांना सांग, घरचं पद झालं.”

*

शि. भ. प. वर्षाराणीताई दुपारच्या कीर्तनाला उभ्या राहिल्या, तेव्हा मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. वयानं लहान, आवाजानं खणखणीत. त्यांनी कागद वाचून आधीच एकदा पदराआड हसून घेतलं होतं. नमन झालं, निरूपण सुरू झालं. “ज्याच्या मनात आत्ता पंगत नाही, त्यानं हात वर करा,” त्या म्हणाल्या. शिवमूर्तीनं हात वर केला. शेजारच्यानं तो खाली ओढला, आणि मंडप हसला.

मग टाळ एका ठेक्यात आले, पखवाज खाली घुमला. अशा वेळी माणसाच्या छातीत काय होतं, ते ज्यानं टाळ हाती धरलाय त्यालाच विचारावं. देव दूर कुठे वर नसतो. शेजारच्याच्या घामट खांद्याला खांदा लागून उभा असतो. ताईंनी पदाचं पहिलं चरण उचललं, टाळकऱ्यांनी झेललं. तुपाच्या ओळीला बायकांकडून हसू फुटलं. फोडणीच्या ओळीला पुरुषांकडूनही. लोक मलप्पांकडे बघत होते, कारण वीणा त्यांच्याच हाती होती. ते तसेच उभे, पाय ठेक्यात.

रिवाजाप्रमाणे शेवटची कडवी वीणेकऱ्यानं म्हणायची. मलप्पांनी गाठीची ओळ म्हटली आणि हसू थांबलं. पुढे बसलेल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, मुद्दाम. बहुतेकांच्या मनात कुणाची ना कुणाची गाठ निघाली असावी.

मग नावाची ओळ आली. सत्यमनं कागदावर लिहिलं होतं, सत्या म्हणे देवा. खांबाला टेकून तो आपलं नाव ऐकायला सावरून उभा राहिला. आजोबांच्या जागी पहिल्यांदाच त्याचं नाव येणार होतं.

मलप्पांनी डोळे उघडे ठेवले आणि म्हटलं:

मल्या म्हणे देवा, नको मोक्षबिक्ष ।
असू दे रे लक्ष पंगतीला ॥

क्षणभर पखवाजही चुकला. जो वीणा हाती घेतल्यापासून गावात मलप्पा अण्णा झाला होता, त्याला कुणी मल्या म्हटलं नव्हतं. आता त्यानं स्वतःच म्हटलं, भर मंडपात, देवाच्या तोंडावर. ताईंनी हात जोडले. टाळ पुन्हा उसळले, आणि ‘मल्या म्हणे देवा’ सगळा मंडप म्हणू लागला, पुन्हा पुन्हा, कुणाला सोडवेना. बसम्मा पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती, दोन्ही कामं तिला एकदम येत.

“तुमचं नाव गेलं की हो!” उज्वला नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. “म्हाताऱ्यांनी गाणंच चोरलं.”

सत्यमला आधी चटका बसला होता. मग तो बापाकडे बघत राहिला. मलप्पा रडत नव्हते, नाचत होते, पायात पाय अडकवत, ठेका चुकत. घरात त्यानं हा माणूस इतका हलका कधी पाहिला नव्हता.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “त्या ओळीखाली माझं नाव खोटंच दिसलं असतं. मी उद्या दुसरं करतो.”

पुढच्या रांगेतून बसम्मानं मान वळवली. एवढ्या गजरात तिला हे कसं ऐकू गेलं, देव जाणे.

“उद्या कशाला रे?” ती ओरडली. “आज सकाळी गडबडीत गोठ्यात आलाच न्हाईस. आजचं कुठाय?”